हिपॅटायटिस बीचे कौटुंबिक समूहन

हिपॅटायटिस बी विषाणूचा दीर्घकालीन संसर्ग आणि त्यातून उद्भवणारे यकृताचे विकार एकाच कुटुंबातील अनेक व्यक्तींमध्ये, सर्वसाधारण लोकसंख्येतील प्रमाणापेक्षा अधिक आढळणे, यास हिपॅटायटिस बीचे कौटुंबिक समूहन असे म्हणतात. आई व तिची मुले, सख्खी भावंडे आणि काही वेळा पती-पत्नी यांच्यात हे समूहन दिसते. अशा कुटुंबांत एक-दोन पिढ्यांत यकृताचा सिरोसिस किंवा यकृताचा कर्करोग होऊन अनेकांचा मृत्यू झालेला असतो. त्यामुळे हा आजार 'घराण्यातला', म्हणजे आनुवंशिक आहे असा समज सहज होतो. प्रत्यक्षात कुटुंबात एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातो तो मुख्यतः विषाणू. तो बहुधा बाळाच्या जन्माच्या वेळी किंवा बालपणीच्या पहिल्या काही वर्षांत संक्रमित होतो. आनुवंशिक दोष लसीने टाळता येत नाही, संसर्ग मात्र टाळता येतो. म्हणून या दोहोंतील फरक व्यवहारात फार महत्त्वाचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सुमारे २५.४ कोटी लोकांना हिपॅटायटिस बीचा दीर्घकालीन संसर्ग होता आणि त्या वर्षी या आजाराने सुमारे ११ लाख मृत्यू झाले. त्याच अंदाजात भारतातील संसर्गित व्यक्तींची संख्या सुमारे २.९८ कोटी दिली आहे.

विषाणू आणि आजार

हिपॅटायटिस बीचा विषाणू हेपाड्नाव्हिरिडी या कुलातील आहे. त्याचा कण सुमारे ४२ नॅनोमीटर व्यासाचा असून त्यातील डीएनए सुमारे ३,२०० आधार-जोड्यांचा, म्हणजे अतिशय लहान असतो. रक्तात त्याच्या बाह्य आवरणातील प्रथिन मोठ्या प्रमाणात आढळते. या प्रथिनास पृष्ठीय प्रतिजन म्हणतात आणि त्याची तपासणी 'एचबीएसएजी' या संक्षेपाने ओळखली जाते. ही तपासणी सहा महिन्यांहून अधिक काळ सकारात्मक राहिली, तर संसर्ग दीर्घकालीन झाला असे मानले जाते. अशा व्यक्तीस बोलीभाषेत आणि वैद्यकीय व्यवहारातही 'वाहक' म्हणतात.

हा विषाणू यकृताच्या पेशींचा थेट नाश करीत नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा संसर्गित पेशींवर हल्ला करते आणि त्या झटापटीत यकृताला सूज येते. ही सूज वर्षानुवर्षे चालू राहिली की निरोगी पेशींच्या जागी तंतुमय ऊती तयार होतात आणि यकृत कठीण व गाठाळ बनते. हाच सिरोसिस होय. विषाणूच्या डीएनएचा एक टिकाऊ साचा पेशीकेंद्रकात दडून राहतो. त्यामुळे आज उपलब्ध असलेली औषधे विषाणूला दाबून ठेवतात, पण त्याचे पूर्ण उच्चाटन क्वचितच करू शकतात.

बहुतेक वाहकांना अनेक दशके कोणताही त्रास होत नाही. त्यांना कावीळ झालेली नसते, भूक व्यवस्थित असते आणि ते नेहमीची कामे करीत असतात. कुटुंबातील समूहन दीर्घकाळ लक्षात न येण्याचे हे प्रमुख कारण आहे.

संसर्गाच्या वेळच्या वयाचे महत्त्व

कौटुंबिक समूहन समजून घेण्याची किल्ली संसर्ग कोणत्या वयात झाला यात आहे. प्रौढपणी संसर्ग झालेल्या निरोगी व्यक्तींपैकी सुमारे ९५ टक्के व्यक्तींचे शरीर काही महिन्यांत विषाणूवर मात करते. एक ते पाच वर्षे वयात संसर्ग झाल्यास सुमारे ३० ते ५० टक्के मुलांमध्ये तो कायमचा राहतो. जन्माच्या वेळी संसर्ग झालेल्या बाळांमध्ये हे प्रमाण सुमारे ९० टक्के असते. नवजात अर्भकाची प्रतिकारयंत्रणा अपरिपक्व असल्यामुळे ती विषाणूला शत्रू म्हणून ओळखत नाही आणि त्याच्याशी जुळवून घेते. तडजोडीचा हा काळ वीस-तीस वर्षे टिकू शकतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या घरात आई वाहक आहे, त्या घरात जन्मलेल्या मुलांना संसर्ग नेमका त्याच वयात होतो ज्या वयात तो सुटत नाही. ती मुलगी पुढे आई झाली की तोच क्रम पुन्हा सुरू होतो. अशा रीतीने विषाणू आजी, आई आणि नातवंडे असा प्रवास करतो आणि आनुवंशिक गुणधर्माचे रूप धारण करतो.

संशोधनाचा इतिहास

आनुवंशिकतेची पहिली शंका

या विषाणूचा शोध लावणाऱ्या शास्त्रज्ञालाही प्रारंभी तो आनुवंशिक गुणधर्म वाटला होता. अमेरिकन वैद्यक बारूक ब्लूमबर्ग हे निरनिराळ्या मानवसमूहांच्या रक्तातील प्रथिनांमध्ये जन्मजात फरक कोणते असतात याचा अभ्यास करीत होते. अनेकदा रक्त घ्यावे लागलेल्या एका हिमोफिलियाच्या रुग्णाच्या रक्तद्रवाची ऑस्ट्रेलियातील एका मूलनिवासी व्यक्तीच्या रक्तद्रवाशी अभिक्रिया होते, असे त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. या अनोळखी प्रथिनाला त्यांनी 'ऑस्ट्रेलिया प्रतिजन' असे नाव दिले आणि १९६५ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

हा प्रतिजन काही कुटुंबांत एकवटलेला दिसत असे. फिलिपीन्समधील सेबू बेटावरील कुटुंबांच्या अभ्यासातून तो अप्रभावी जनुकाद्वारे वारशाने येत असावा, असे गृहीतक ब्लूमबर्ग यांनी मांडले. या गृहीतकाला धक्का बसला तो डाऊन सिंड्रोम असलेल्या एका रुग्णामुळे. आरंभीच्या तपासणीत त्याच्या रक्तात हा प्रतिजन नव्हता. पुढच्या तपासणीत तो आढळला आणि दरम्यानच्या काळात रुग्णाला यकृतशोथ झाल्याचे दिसून आले. जन्मजात गुणधर्म मधूनच उत्पन्न होत नाही. यानंतर ऑस्ट्रेलिया प्रतिजनाचा संबंध यकृतशोथाशी असल्याचे १९६७ साली मांडले गेले आणि इतर संशोधकांच्या कार्यातून त्यास पुष्टी मिळाली. हा प्रतिजन म्हणजेच हिपॅटायटिस बी विषाणूचा पृष्ठीय प्रतिजन होय. या कार्याबद्दल ब्लूमबर्ग यांना १९७६ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो.

आईकडे वळलेली दृष्टी

प्रतिजन संसर्गजन्य आहे हे कळल्यावर कुटुंबांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. १९७२ साली जपानमधील ओहबायाशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कुटुंबांचे वर्णन प्रसिद्ध केले, ज्यांत लक्षणविरहित वाहक, दीर्घकालीन यकृतरोगाचे रुग्ण आणि यकृताच्या कर्करोगाचे रुग्ण एकत्र आढळले होते. एकाच घरातील या तीन अवस्था म्हणजे एकाच आजाराचे निरनिराळे टप्पे असावेत आणि आई हा त्यांना जोडणारा दुवा असावा, या विचाराला अशा निरीक्षणांतून बळ मिळाले.

पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल या देशात लारूझे व सहकाऱ्यांनी यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या आईवडिलांची तपासणी केली. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रुग्णांच्या मातांमध्ये पृष्ठीय प्रतिजनाचे प्रमाण तुलनेसाठी निवडलेल्या निरोगी व्यक्तींच्या मातांपेक्षा कितीतरी अधिक आढळले. जनुकीय वारसा आई आणि वडील दोघांकडून सारखाच येतो. आईचे पारडे एवढे जड असणे हे जन्माच्या आसपास होणाऱ्या संसर्गाकडे बोट दाखवणारे होते.

त्याच वर्षी जपानमधील ओकाडा व सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की आईच्या रक्तात 'ई प्रतिजन' असेल तर बाळाला संसर्ग होण्याची शक्यता फार मोठी असते, आणि ई प्रतिजनाविरुद्ध प्रतिपिंडे असतील तर ती बरीच कमी असते. ई प्रतिजन हे विषाणूची संख्यावाढ जोमाने चालू असल्याचे लक्षण आहे. एकाच वाहक आईच्या काही मुलांना संसर्ग होतो आणि काहींना होत नाही, याचा काही उलगडा यावरून होतो: वयानुसार आईच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण कमी होत जाते, त्यामुळे थोरल्या अपत्यांना धोका अधिक असू शकतो.

कर्करोगाशी संबंध

तैवानमध्ये पामर बीसली व सहकाऱ्यांनी २२,७०७ पुरुषांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार या काळात यकृताच्या कर्करोगाने झालेल्या ४१ मृत्यूंपैकी ४० मृत्यू पृष्ठीय प्रतिजन असलेल्या पुरुषांचे होते. वाहकांमधील धोका इतरांच्या तुलनेत दोनशे पटींहून अधिक होता. कुटुंबात एकवटणारा विषाणू आणि कुटुंबात एकवटणारा कर्करोग यांचे नाते या अभ्यासाने निर्विवादपणे सिद्ध केले.

कुटुंबातील प्रसाराचे मार्ग

आईकडून बाळाला

यास उभा प्रसार म्हणतात. गर्भाशयात असताना संसर्ग होणे तुलनेने विरळ आहे. बहुतेक वेळा प्रसूतीच्या दरम्यान आईचे रक्त व स्राव यांच्याशी बाळाचा संपर्क येऊन संसर्ग होतो. कोणताही प्रतिबंधक उपाय न केल्यास ई प्रतिजन असलेल्या मातांच्या ७० ते ९० टक्के बाळांना संसर्ग होतो. पूर्व आशियात कौटुंबिक समूहनाचे हे मुख्य कारण आहे.

भावंडांमध्ये आणि सहवासातून

यास आडवा प्रसार म्हणतात. लहान मुलांच्या अंगावरील ओरखडे, खरूज, गळवे व उघड्या जखमा, तसेच चावा घेणे यांतून रक्ताचा अथवा स्रावांचा सूक्ष्म अंश एकाकडून दुसऱ्याकडे जातो. हा विषाणू शरीराबाहेर, पृष्ठभागांवर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. त्यामुळे दाढीचे पाते, दात घासण्याचा ब्रश, नखे कापण्याचे साधन आणि कान टोचण्याची सुई या वस्तू सामाईक वापरल्यास त्या प्रसाराचे माध्यम ठरतात. आफ्रिकेतील सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील देशांत बहुसंख्य मुलांना संसर्ग जन्माच्या वेळी होत नाही. तो नंतरच्या पाच वर्षांत, बहुधा थोरल्या भावंडांकडून होतो. गाम्बियातील खेड्यांच्या अभ्यासांत हा नमुना स्पष्ट दिसून आला. भारतात उभा आणि आडवा असे दोन्ही मार्ग आढळतात.

पती-पत्नींमध्ये

लैंगिक संबंधांतून हा विषाणू पसरतो. मात्र प्रौढपणी झालेला संसर्ग बहुधा आपोआप नाहीसा होत असल्यामुळे पती व पत्नी दोघेही दीर्घकालीन वाहक असणे हे आई आणि मुले वाहक असण्यापेक्षा कमी आढळते. एकाला संसर्ग असताना दुसऱ्याच्या रक्तात केवळ जुन्या, बऱ्या झालेल्या संसर्गाच्या खुणा सापडणे अधिक सामान्य आहे.

सामाईक बाह्य स्रोत

एकाच घरात अनेकांना संसर्ग असला, तरी तो घरातच पसरला असेल असे नाही. एकाच दवाखान्यात निर्जंतुक न केलेल्या सुईने इंजेक्शने घेणे, असुरक्षित रक्तसंक्रमण, एकाच वस्तऱ्याने अनेकांची दाढी, जत्रेत एकाच सुईने केलेले गोंदण या गोष्टी संपूर्ण कुटुंबाला किंवा गावाला एकाच वेळी बाधित करू शकतात. २००९ साली गुजरातमधील मोडासा परिसरात हिपॅटायटिस बीची घातक साथ उद्भवली होती. तिचा संबंध वापरलेल्या सुया व सिरिंज पुन्हा वापरण्याशी जोडला गेला. कुटुंबातील सदस्यांच्या विषाणूंची जनुकीय रचना ताडून पाहिली असता संसर्ग एकमेकांकडून झाला की स्वतंत्र स्रोतांतून, याचा अंदाज बांधता येतो.

या मार्गांनी प्रसार होत नाही

एकत्र जेवणे, एकाच भांड्यातून पाणी पिणे, मिठी मारणे, हस्तांदोलन, खोकला, शिंक, एकाच अंथरुणावर झोपणे किंवा एकच स्वच्छतागृह वापरणे यांतून हिपॅटायटिस बी पसरत नाही. संसर्गित व्यक्तीने केलेला स्वयंपाक सुरक्षित असतो. बाळाला जन्मतः लस दिलेली असल्यास वाहक आईने स्तनपान करण्यास हरकत नसते. दूषित पाण्यातून व अन्नातून पसरतात ते हिपॅटायटिस ए आणि हिपॅटायटिस ई. मराठीत या सर्वांना सरसकट 'कावीळ' असे म्हटले जात असल्यामुळे त्यांच्या प्रसाराविषयी बराच गोंधळ होतो.

यकृतरोग एकाच कुटुंबात का वाढतो

वाहकांपैकी प्रत्येकाला सिरोसिस किंवा कर्करोग होत नाही. तरीही काही कुटुंबांत गंभीर आजार अधिक प्रमाणात दिसतो. त्याची कारणे एकावर एक साचत जाणारी असतात.

पहिले कारण संसर्गाचा कालावधी हे होय. जन्मतः बाधित झालेल्या भावंडांच्या यकृतात चाळिशीपर्यंत चाळीस वर्षांचा संसर्ग साचलेला असतो. त्यामुळे त्यांचे आजार साधारण एकाच वयात, थोड्याफार अंतराने प्रकट होतात. पुरुषांमध्ये यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण स्त्रियांपेक्षा अधिक असते. म्हणून आई स्वतः धडधाकट असताना तिच्या तरुण मुलांना गंभीर आजार झाल्याची उदाहरणे आढळतात.

दुसरे कारण समान विषाणू हे आहे. कुटुंबात बहुधा एकाच जनुकप्रकाराचा विषाणू फिरत असतो. उदाहरणार्थ, आशियात आढळणाऱ्या 'सी' जनुकप्रकारात 'बी' प्रकारापेक्षा यकृताच्या कर्करोगाचा धोका अधिक असल्याचे आढळले आहे. भारतात 'डी' आणि 'ए' हे जनुकप्रकार प्रामुख्याने दिसतात, तर ईशान्य व पूर्व भागांत 'सी' प्रकारही आढळतो.

तिसरे कारण समान राहणीमान व आहार हे आहे. भुईमूग, मका यांसारखे धान्य दमट जागी साठवल्यास त्यावर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. हे विष आणि हिपॅटायटिस बी एकत्र आल्यास कर्करोगाचा धोका दोन्हींच्या बेरजेहून बराच अधिक होतो, असे चीनमधील अभ्यासांतून दिसून आले आहे. एका घरातील माणसे एकाच कणगीतले धान्य खातात, त्यामुळे हा धोकाही कुटुंबात एकवटतो. मद्यपान, स्थूलता व मधुमेह यांमुळे यकृताची हानी वाढते आणि याही गोष्टी घरोघरी एकत्र आढळतात.

चौथे कारण आनुवंशिक घटक हे होय. विषाणू शरीराबाहेर टाकला जाणे किंवा न जाणे यावर प्रतिकारयंत्रणेशी संबंधित काही जनुकांचा परिणाम होतो, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या जपानी संशोधनात व त्यानंतरच्या अभ्यासांत आढळले आहे. ज्या वाहकाच्या आईवडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना यकृताचा कर्करोग झाला आहे, त्याचा स्वतःचा धोका इतर वाहकांपेक्षा अधिक असतो. म्हणजेच आनुवंशिकतेला येथे स्थान आहे, पण ते दुय्यम आहे. विषाणूच नसेल तर हे जनुकीय घटक एकटे हा आजार उत्पन्न करीत नाहीत.

कुटुंबाची तपासणी

एका व्यक्तीत हिपॅटायटिस बी आढळणे ही संपूर्ण कुटुंबासाठी सूचना असते. रुग्णाची आई, भावंडे, जोडीदार, मुले आणि घरात एकत्र राहणाऱ्या इतर व्यक्ती यांची तपासणी करावी, असा वैद्यकीय संकेत आहे. समजा, पंचेचाळीस वर्षांच्या एखाद्या पुरुषाला सिरोसिस झाल्याचे निदान झाले. त्याच्या पत्नीची व मुलांची तपासणी बहुधा होते, कारण ती त्याच्याबरोबर राहतात. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली बहीण मात्र सहसा सुटून जाते. संसर्ग आईकडून आला असेल, तर ती बहीणही वाहक असण्याची शक्यता मोठी असते आणि तिच्यापासून पुढे तिच्या मुलांना संसर्ग पोहोचू शकतो. म्हणून तपासणी करताना एका छपराखाली राहणाऱ्यांपुरते न थांबता एका आईच्या सर्व अपत्यांपर्यंत पोहोचणे आवश्यक असते.

तपासणीत रक्ताच्या तीन चाचण्या प्रमुख आहेत:

पृष्ठीय प्रतिजन: सकारात्मक असल्यास संसर्ग सध्या शरीरात आहे.

पृष्ठीय प्रतिजनाविरुद्धची प्रतिपिंडे: पुरेशा प्रमाणात असल्यास व्यक्ती लसीमुळे किंवा बऱ्या झालेल्या संसर्गामुळे सुरक्षित आहे.

गाभ्याच्या प्रतिजनाविरुद्धची एकूण प्रतिपिंडे: सकारात्मक असल्यास विषाणूशी पूर्वी किंवा सध्या प्रत्यक्ष संबंध आला आहे. केवळ लस घेतलेल्या व्यक्तीत ही आढळत नाहीत.

तिन्ही चाचण्या नकारात्मक आलेल्या व्यक्तीला लस द्यावी लागते. संसर्ग आढळलेल्या व्यक्तीच्या यकृताचे कार्य, विषाणूच्या डीएनएचे प्रमाण आणि यकृताचा कठीणपणा तपासून औषधांची गरज ठरवली जाते. टेनोफोविर व एन्टेकाविर ही तोंडाने घ्यावयाची औषधे विषाणूला दाबून ठेवतात आणि सिरोसिस व कर्करोग यांचा धोका कमी करतात. ती वैद्यकीय सल्ल्याशिवाय अचानक बंद केल्यास आजार उफाळून येऊ शकतो. सिरोसिस असलेल्या तसेच जवळच्या नात्यात यकृताचा कर्करोग झालेल्या वाहकांसाठी दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी सुचवली जाते, कारण लहान असताना सापडलेल्या गाठीवर परिणामकारक उपचार करता येतात.

प्रतिबंध

कुटुंबातील साखळी तोडण्याचा सर्वांत प्रभावी उपाय म्हणजे जन्मानंतर २४ तासांच्या आत दिलेली लस. हा कालावधी काटेकोर असण्यामागे कारण आहे: विषाणू बाळाच्या यकृतात पक्का बसण्यापूर्वी प्रतिकारशक्ती जागी व्हावी लागते. आई वाहक असल्यास लसीबरोबरच हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, शक्यतो १२ तासांच्या आत दिले जाते. दोन्ही इंजेक्शने बाळाच्या वेगवेगळ्या मांड्यांत देतात. तैवानमध्ये बीसली यांच्या चमूने केलेल्या आणि १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ई प्रतिजन असलेल्या मातांच्या, या दोन्ही गोष्टी मिळालेल्या बाळांपैकी सुमारे ६ टक्के बाळे वाहक झाली. उपाय न केलेल्या बाळांत हे प्रमाण ८८ टक्के होते.

ज्या गर्भवतीच्या रक्तात विषाणूचे प्रमाण फार अधिक आहे, म्हणजे प्रति मिलिलीटर २ लाख आंतरराष्ट्रीय एककांहून जास्त आहे, तिला गर्भारपणाच्या उत्तरार्धात टेनोफोविर देऊन उरलेला धोकाही कमी करता येतो. त्यासाठी प्रत्येक गर्भवतीची पृष्ठीय प्रतिजनाची तपासणी होणे ही पूर्वअट आहे. केवळ या कारणासाठी सिझेरियन शस्त्रक्रिया करण्याची आवश्यकता नसते.

घरातील इतरांनी लस घेणे, दाढीचे साहित्य व ब्रश स्वतंत्र ठेवणे, जखमा झाकून ठेवणे, सांडलेले रक्त हातमोजे घालून ब्लीचिंगच्या द्रावणाने पुसणे आणि लसीकरण पूर्ण होईपर्यंत जोडीदारांनी निरोध वापरणे, या काळज्या पुरेशा असतात.

तैवानचा अनुभव

कौटुंबिक समूहन एका पिढीत कसे मोडता येते याचे ठळक उदाहरण म्हणजे तैवान. लसीकरणापूर्वी तेथील प्रौढांपैकी सुमारे १५ ते २० टक्के व्यक्ती वाहक होत्या आणि त्यांतील सुमारे ४० ते ५० टक्के व्यक्तींना संसर्ग आईकडून झालेला होता. जुलै १९८४ मध्ये तेथे वाहक मातांच्या बाळांना लस देण्यास प्रारंभ झाला. १९८६ पासून सर्व नवजात बाळांचा त्यात समावेश करण्यात आला. तैपेई शहरातील १५ वर्षांखालील मुलांमध्ये पृष्ठीय प्रतिजनाचे प्रमाण १९८४ साली ९.८ टक्के होते. १९९९ साली ते ०.७ टक्क्यांवर आले.

त्यापुढचा परिणाम कर्करोगात दिसला. ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे वार्षिक प्रमाण १९८१ ते १९८६ या काळात दर लाखात ०.७० होते; १९९० ते १९९४ या काळात ते ०.३६ झाले. मे-ह्वेइ चांग व सहकाऱ्यांनी १९९७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. लसीने कर्करोग टाळता येतो याचा हा पहिला मोठा पुरावा मानला जातो. या काळात तैवानमधील कुटुंबांची जनुके बदललेली नव्हती. बदल झाला होता तो बाळांना जन्मतः मिळणाऱ्या संरक्षणात.

भारतातील स्थिती

हैदराबाद येथील शांता बायोटेक्निक्स या संस्थेने १९९७ साली हिपॅटायटिस बीची स्वदेशी लस बाजारात आणली आणि लसीची किंमत सर्वसामान्यांच्या आवाक्यात येऊ लागली. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ही लस २००२-०३ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आली आणि पुढील दशकात टप्प्याटप्प्याने देशभर लागू झाली. सध्याच्या वेळापत्रकानुसार पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत देतात. पुढील मात्रा सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या वयात पंचगुणी (पेंटाव्हॅलंट) लसीतून दिल्या जातात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील ८८.६ टक्के, तर महाराष्ट्रातील ९४.७ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत होतात. जन्मतः द्यावयाची मात्रा देण्यास ही स्थिती अनुकूल आहे. घरी झालेल्या प्रसूतीत मात्र ती मात्रा चुकण्याचा संभव अधिक असतो, आणि सहाव्या आठवड्यात दिलेली लस जन्माच्या वेळचा संसर्ग थोपवू शकत नाही.

२८ जुलै २०१८ रोजी केंद्र शासनाने राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्याअंतर्गत निवडक शासकीय रुग्णालयांत निदान व औषधे विनामूल्य उपलब्ध करून दिली जातात. वाहक मातांच्या नवजात बाळांसाठी इम्युनोग्लोब्युलिनची तरतूदही त्यात आहे. सार्वत्रिक लसीकरणापूर्वी जन्मलेल्या पिढ्यांना मात्र जन्मतः संरक्षण मिळालेले नाही. आज वीस ते पन्नास वर्षे वयाच्या बहुसंख्य व्यक्ती या गटात मोडतात, आणि नव्या पिढीचे आईवडीलही प्रामुख्याने याच गटातील आहेत.

सामाजिक बाजू

कौटुंबिक समूहनाचे निदान अनेकदा घरात दोषारोपाचे कारण ठरते. संसर्ग आईकडून आला असे कळताच सगळा ठपका तिच्यावर ठेवला जातो. गर्भारपणात निदान झालेल्या सुनेकडे संशयाने पाहिले जाते. वास्तविक बहुसंख्य वाहक स्त्रियांना स्वतःला संसर्ग जन्माच्या वेळी किंवा बालपणी, त्यांच्या नकळत झालेला असतो. प्रौढ वयात आढळलेला दीर्घकालीन संसर्ग हा बहुतेक वेळा बालपणीचाच असल्यामुळे त्यावरून कोणाच्या चारित्र्याविषयी निष्कर्ष काढणे शास्त्रीयदृष्ट्याही निराधार आहे.

भीतीपोटी संसर्गित व्यक्तीचे ताटवाटी वेगळे ठेवणे, तिला स्वयंपाकघरात येऊ न देणे किंवा ठरलेले लग्न मोडणे, असे प्रकार घडतात. यामुळे प्रसार थांबत नाही. उलट निदान लपवून ठेवण्याकडे कल वाढतो आणि भावंडांची तपासणी राहून जाते. काविळीसाठी माळ घालणे, उतारा काढणे किंवा केवळ झाडपाल्याचे औषध घेणे या रूढींमुळेही योग्य निदानास विलंब होतो. कावीळ ओसरली म्हणजे विषाणू गेला असे होत नाही; ते रक्ताच्या तपासणीनेच कळते.

ज्या कुटुंबात यकृतरोगाने एकाहून अधिक मृत्यू झाले आहेत, तेथे उरलेल्या सदस्यांची एक साधी रक्ततपासणी पुढील दिशा ठरवू शकते. ज्यांना संसर्ग नाही त्यांना लस, ज्यांना आहे त्यांना नियमित देखरेख व गरजेनुसार औषध, आणि जन्माला येणाऱ्या प्रत्येक बाळाला पहिल्या दिवशी लस, एवढ्यावर 'घराण्यातला' म्हणून पिढ्यान्‌पिढ्या स्वीकारलेला हा आजार पुढच्या पिढीपर्यंत पोहोचण्यापूर्वी रोखता येतो.